गोजराबाईचं उखळ

फार जुनी गोष्ट आहे. नदीकाठच्या एका पेठेत, वेशीपासून घाटापर्यंत जाणाऱ्या लांबलचक बोळात, गोजराबाई नावाची एक कांडपीण राहायची. नवरा केव्हाच गेला होता, मूलबाळ नव्हतं. घरात मोजकी भांडी, एक वळकटी आणि जमिनीत पुरलेलं एक दगडी उखळ. सासूनं तिच्या हातात मुसळ दिलं तेव्हापासून पेठेतल्या निम्म्या घरांचं तिखट त्याच उखळात कांडलं जात होतं.

तिच्या तिखटाची ख्याती अशी की लग्नघरची माणसं तीन तीन कोसांवरून मिरच्या घेऊन यायची. बाई स्वभावानं मात्र कडक. मिरची ओली असली तर सरळ परत पाठवायची, मग ती पाटलाच्या घरची का असेना. आणि एका गोष्टीचा तिला फार अभिमान होता. आजवर तिनं कोणाकडून एक कवडी उसनी घेतली नव्हती आणि कुठल्याही कागदावर अंगठा उठवला नव्हता. हे ती येता जाता सगळ्यांना सांगायची, इतकं की शेजारणीला ते पाठ झालं होतं.

त्याच पेठेत एक मोठी पेढी होती. पेढीचे शेठ सभ्य, गोड बोलणारे. पण कर्ज थकलं की पेढीची माणसं घरातलं सामान उचलून न्यायची आणि त्याच दिवशी बाजारात विकून मोकळी व्हायची. सामान नेताना पुढे हलगी वाजवायची रीत होती, म्हणजे कर्जबुडवा कोण ते सगळ्या पेठेला कळावं. शेठचा या रीतीवर मोठा विश्वास होता. ते म्हणायचे, भांड्यांपेक्षा हलगीला लोक जास्त भितात. ते खोटंही नव्हतं.

वसुलीच्या मुकादमाला वाचता येत नसे. म्हणून पेढीचे दिवाणजी त्याला तोंडी खूण सांगायचे. त्या चैत्रात बोळातल्या एका रंगाऱ्याचं कर्ज थकलं होतं. दिवाणजींनी सांगितलं, बोळात शिरलास की उजव्या हाताचं पाचवं घर. दिवाणजी स्वतः जन्मभर वेशीकडूनच बोळात शिरलेले, त्यामुळे बोळाला दुसरंही तोंड आहे हे सांगावं असं त्यांच्या मनातही आलं नाही. नेमकी त्या दिवशी वेशीत कडब्याची गाडी उलटून पडली होती. मुकादम आपला वळसा घालून घाटाकडून शिरला, उजव्या हाताची पाच घरं त्यानं इमानदारीनं मोजली आणि पाचव्या घराची कडी काढली. ते घर गोजराबाईचं होतं.

बाई लग्नघरी तिखट पोचवायला शेजारच्या गावी गेली होती. कुलूप लावायची त्या बोळात पद्धतच नव्हती. माणसांनी भांडी नेली, वळकटी नेली, कोपऱ्यातलं मुसळ नेलं. उखळ हलेना, तेव्हा मुकादमानं पहार मागवली आणि ते जमिनीतून खणून काढलं. शेजारपाजारच्या बायका दारात उभ्या राहून बघत होत्या. पेढीच्या माणसांना विचारणार कोण? हलगी वाजत वाजत घाटापर्यंत गेली आणि तिथून बाजारात.

दुपारी गोजराबाई परत आली, तर घरात चार भिंती आणि मधोमध कमरेएवढा खड्डा. शेजारीण शेवंता दारात आली आणि हळूच म्हणाली, कर्ज काढलं होतंस तर निदान मला तरी सांगायचंस. गोजराबाईला घर रिकामं झाल्याचं जेवढं लागलं नाही, तेवढं हे लागलं. वीस वर्षांचा शेजार, आणि तरी शेवंताचा एका हलगीवर विश्वास बसला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती पेढीवर गेली. दारातच तिला तिचं उखळ दिसलं. बाजारात ते कोणी घेतलं नव्हतं, म्हणून शेठच्या घोड्याला हरभरे भिजत घालायला ते तिथं ठेवलं होतं. घोडा मजेत खात होता. बाई तशीच आत गेली आणि दिवाणजींना म्हणाली, माझा अंगठा कुठल्या कागदावर आहे तो दाखवा.

दिवाणजींनी चोपडी उघडली, पानं उलटली, पुन्हा उलटली. मुकादमाला बोलावलं, कुठून शिरलास विचारलं, आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. ते उठून शेठच्या कानाशी लागले.

शेठनी बाईला मानानं बसवलं. चूक झाली हे लगेच कबूल केलं. तुमची भांडी विकली गेली, पण मी नवी देतो, जुन्यापेक्षा चार जास्तच देतो, असं म्हणाले. उखळ तर आत्ताच गाडीवर घालून पाठवतो म्हणाले. फक्त एक लहानसा कागद होता, आपली काही तक्रार नाही असा. त्यावर अंगठा उठवला की झालं.

"आणि हलगी?" गोजराबाईनं विचारलं.

शेठना हसू आलं. "बाई, आता हलगी कशाला? उगाच गाजावाजा."

"गाजावाजा तुम्ही केलात, शेठजी. मी न्हाई." तिनं कागद होता तसा परत सरकवला. "ह्या अंगठ्यानं आजवर फक्त मिरचीची देठं मोडली. कागदावर तो आता म्हातारपणी उठायचा न्हाई."

ती तशीच घरी आली. लोकांनी तिला वेड्यात काढलं. नवी भांडी मिळत होती, उखळ घरपोच येत होतं, आणखी काय हवं होतं? शिवाय ते मिरचीचे दिवस होते. कांडपिणीचं सगळं वर्ष त्या दोन महिन्यांवर चालतं. आधीच गिऱ्हाईक दुसरीकडे वळलं होतं, कारण जप्ती झालेल्या घरी वर्षाची मिरची कोण ठेवणार? गोजराबाई खड्ड्याच्या काठावर बसायची, शेवंतानं दिलेली भाकरी खायची, आणि खड्डा बुजव म्हटलं की नको म्हणायची. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. हंगाम हातचा चालला होता हे तिलाही दिसत होतं. पण मान खाली घालून बोळातून चालायची तिला सवय नव्हती, आणि ती लावून घ्यायची तिची तयारी नव्हती.

सुभ्याचे न्यायाधीश दर पंधरवड्याला पेठेच्या चावडीत बसत. वयानं म्हातारे, बोलण्यात सावकाश. गोजराबाईनं त्यांच्यापुढे उभं राहून झालं ते सगळं सांगितलं. साक्षीदार कोण, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाली, साक्षीदार आहे, पण त्याला इथं आणता येत नाही, आपल्यालाच यावं लागेल.

न्यायाधीश उठले. आधी ते वेशीकडून बोळात शिरले आणि काठी टेकत पाच घरं मोजली. मग घाटाकडून शिरले आणि पुन्हा पाच मोजली. त्यानंतर गोजराबाईच्या घरात येऊन त्यांनी खड्ड्यात वाकून पाहिलं आणि तिथंच, खड्ड्याच्या काठावर, बसकण मारली. शेठ, दिवाणजी आणि मुकादम यांना तिथं बोलावलं. दाराबाहेर अख्खा बोळ जमला होता.

शेठनी हात जोडले. "सरकार, पेढी म्हणजे काय? नुसतं एक नाव. नावाला ना हात ना पाय, ते चूक कशी करणार? चुकला तो हा मुकादम. त्याला काय हवी ती शिक्षा करा, मी मधे पडणार नाही."

मुकादम पागोटं हातात घेऊन, मान खाली घालून उभा होता. न्यायाधीशांनी बाईला विचारलं, उखळ खणलं ते यानंच का?

"पहार ह्यानंच मारली," गोजराबाई म्हणाली. "पण माझं ह्याच्यावर काही म्हणणं न्हाई. ह्याला पाचवं घर सांगितलं, हा पाचव्या घरात आला. घर कुणाचं, हे बघायचं काम चोपडी वाचणाऱ्याचं."

मुकादमानं पहिल्यांदाच मान वर केली. आपली बाजू कोणी घेईल असं त्याला वाटलं नव्हतं, आणि ती ही बाई घेईल असं तर मुळीच नाही.

न्यायाधीशांनी दिवाणजींना चोपडी उघडायला लावली. या घरची भांडी विकून काही आलं का? आलं होतं. ते कुठे गेलं? तिजोरीत. कोणाच्या? दिवाणजींनी शेठकडे पाहिलं आणि खाली पाहून म्हणाले, पेढीच्या.

"आणि उखळातले हरभरे कोणाचा घोडा खातो?"

"माझा," शेठ म्हणाले.

"म्हणजे घ्यायच्या वेळी पेढीला हात असतात," न्यायाधीश म्हणाले, "तोंडही असतं. शेठजी, मग भरून द्यायलाही तेच हात पुढे यायला हवेत. नोकर तुमच्या हुकमानं गेला, तुमच्या नावानं कडी काढली, तुमच्या तिजोरीत पैसे टाकले. चूक मात्र एकट्या त्याची, असं कसं?"

मग न्यायाधीश बाईकडे वळले. विकलेल्या भांड्यांचं मोल दुप्पट मिळेल, बुडालेल्या हंगामाचं मोल मिळेल, उखळ परत येईल, असं सांगून ते म्हणाले, "एवढ्यावर हलगी परत वाजवायचा हट्ट सोडता का? शेठची पेठेत पत आहे."

सगळ्यांच्या नजरा गोजराबाईवर खिळल्या.

"सरकार, भांडी गेली ती माझ्या घरातनं. नाव गेलं ते अख्ख्या पेठेतनं. भांडी घरात आणून देता येतील, पण नाव पेठेतनंच परत यायला पायजे. शेठजींची पत आहे, तशी माझीबी होती."

दाराबाहेर शेवंतानं डोळ्याला पदर लावला. न्यायाधीश काठी टेकत उठले. मग त्यांनी निकाल सांगितला. भरपाई तर पेढी देईलच. पण हलगी ज्या वाटेनं गेली त्याच वाटेनं परत येईल, आणि तिच्यामागून शेठ स्वतः चालत येतील. जे सांगायचं ते स्वतःच्या तोंडानं सांगतील आणि उखळ स्वतःच्या हातानं बसवतील. इथून पुढे पेढीनं कोणाच्याही दारात जाताना वाचता येणारा माणूस कागद घेऊन पाठवायचा, घरातल्या माणसाला त्याचं नाव विचारायचं, आणि घरी कोणी नसेल तर कडीला हात लावायचा नाही. चूक झाली तर जाब पेढीनं द्यायचा, नोकरानं नाही.

दुसऱ्या दिवशी भर बाजारात हलगी वाजली. पुढे हलगीवाला, मागे शेठ, त्यांच्यामागे गाडीवर उखळ आणि मुसळ. पहिल्या चौकात शेठ पुटपुटले, गोजराबाईंकडे पेढीचं काही येणं नव्हतं, पेढी चुकली. हलगीवाल्यानं वाजवणं थांबवलं आणि अगदी आदरानं म्हणाला, "शेठजी, मागं ऐकू गेलं न्हाई." शेठनी पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. पुढच्या चौकात सांगताना त्यांचा आवाज आपोआपच चढला. घाटापाशी ज्यांनी तिची भांडी विकत घेतली होती त्यातल्या एकानं घरात जाऊन तिचा तांब्या आणला आणि गाडीत ठेवला.

घरी आल्यावर शेठनी धोतर वर खोचलं. मुकादम मदतीला पुढे झाला, पण उखळाची एक बाजू शेठनाच धरावी लागली. उखळ खड्ड्यात उतरवलं, कडेनं माती भरली, पायांनी दाबली. गोजराबाईनं बोटानं ढकलून पाहिलं.

"हलतंय अजून."

शेठनी आणखी माती घातली, माती ठोकायच्या धुमसानं ठोकली. कपाळावरचा घाम मातीत पडला.

"जरा हलतंय."

चौथ्या वेळी मात्र ते हललं नाही. गोजराबाईनं आपल्याच तांब्यातून शेठना गूळपाणी दिलं, मुकादमालाही दिलं. शेठ पाणी प्यायले आणि म्हणाले, बाई, आजवर इतकी घरं रिकामी केली, पण एखादी वस्तू परत बसवायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक नव्हतं. ते खरं बोलत होते, आणि ते ऐकून गोजराबाईला बरं वाटलं.

दारात शेवंता सुपात मिरच्या घेऊन उभी होती, मान खाली घालून. "ठेव तिथं," गोजराबाई म्हणाली. "तुझाच पहिला नंबर." तिनं मिरच्या हातात घेऊन पाहिल्या, दोन ओल्या निघाल्या त्या बाजूला काढल्या, आणि मुसळ उचललं. पहिल्याच घावाला अख्खा बोळ शिंकायला लागला, शेठसकट. एवढ्या लांब, वेशीपर्यंत मुसळाचा आवाज पोचला, आणि ती मात्र मान ताठ ठेवून, एकसारख्या लयीत कांडत राहिली.

मुकादम पुढे म्हातारा होईपर्यंत पेढीवरच होता. पण कुठल्याही दारात गेला की आधी वहाणा काढायचा, वाचणाऱ्याला पुढे करायचा, आणि घरातल्या माणसाला विचारायचा, आपलं नाव काय?

तात्पर्य एवढंच: ज्याच्या तिजोरीत फायदा जातो, चुकीचा जाबही त्यानंच द्यायचा असतो; आणि चारचौघांत घालवलेली अब्रू चारचौघांतच परत करायची असते.