पाच फेऱ्या

“एकच सीझन, मॅडम. खेळू नं?”

तनुजा खोब्रागडेनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

अलोणे मॅडम, आमच्या कोच, कोर्टाच्या कडेला खालच्या पायरीवर बसल्या होत्या. समोर मुलींचा सकाळचा सराव चालला होता. त्यांनी तनुजाकडे पाहिलंच नाही.

“डाव्या हातानं, किमया. डाव्या,” त्या म्हणाल्या.

तनुजा नागपूरच्या याच सिमेंटच्या कोर्टवर बास्केटबॉल शिकली आणि फार पुढे गेली. रेल्वेची नोकरी, देशाचा संघ, दोन वर्षं परदेशातल्या लीगमध्ये पगारावर खेळली. मी तिच्याच तुकडीतली. बहुतेक वेळ बाकावर बसून तिचा खेळ पाहिला. तक्रार नाही, जागा चांगली होती.

पण त्या सकाळी मला तिचा राग आला होता. आमच्याकडे मुलगी कितीही मोठी होऊन आली तरी मॅडमच्या पायाशी उकिडवी बसून नमस्कार करते. तनुजानं उभ्या उभ्या हात जोडले होते. मनात म्हटलं, घ्या, बाईसाहेबांचे पाय आता जमिनीला लागत नाहीत.

“कळवायचं कधी आहे?” मॅडमनी विचारलं.

“आज दुपारपर्यंत. दक्षिणेतला क्लब आहे, चांगला आहे.”

“वय?”

“चौतीस. तुम्हाला माहीत आहे नं.”

“गुडघा काय म्हणते?”

“ठीक आहे.”

“आणि डॉक्टर?”

“डॉक्टर काहीही सांगते, मॅडम. म्हणते, आता खेळलीस तं पुढे काठी घेऊन चालशील.”

“मग खेळ नं. मला काऊन विचारून राहिली?”

“तुम्ही हो म्हटलं की…”



मॅडमनी शेजारचा बॉल घेतला आणि जमिनीवरून तिच्याकडे सोडला. अगदी हळू. पाच वर्षांच्या पोरीनंही उचलला असता.

तनुजानं तो पायानं अडवला.

कोर्टवरचे बाकीचे बॉल एकेक करून थांबले. आमच्याकडे बॉलला पाय लावत नाहीत. चुकून लागला तरी तो उचलून कपाळाला लावायचा आणि कोर्टाला पाच फेऱ्या मारायच्या. आमच्या वेळी नव्या मुलींना हा नियम तनुजाच दटावून शिकवायची.

ती बॉलकडे पाहत राहिली. मग उचलायला म्हणून खाली बसू लागली. डावा पाय जरासा दुमडला, थरथरला, आणि तिनं बास्केटचा खांब धरला.

मघाच्या रागाची मला लाज वाटली.

“केव्हापासून?” मॅडमनी विचारलं.

“दिवाळीपासून.”

“आणि तशीच खेळून राहिली?”

“इंजेक्शन घेऊन.”

मॅडम उठल्या. त्यांनी बॉल उचलला, पदरानं पुसला, स्वतःच्या कपाळाला लावला. चपला काढल्या आणि बॉल काखेत धरून कोर्टाच्या कडेकडेनं चालू लागल्या.

“मॅडम, पाय माझा लागला.”

“हो.”

“मग फेऱ्या तुम्ही काऊन…”

“तू बस.”

ती बसली नाही. लंगडत लंगडत त्यांच्या बरोबरीला गेली. मीही मागून निघाले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण बसवेना.

पहिली फेरी झाली. दुसरीही.

तिसऱ्या फेरीत तनुजा म्हणाली, “मला दुसरं काही येत नाही, मॅडम.”

“माहीत आहे.”

“रेल्वेनं आता ऑफिसात खुर्ची दिली आहे. बसते. लोकं चांगले आहेत. पण चार वाजले की हाताला घाम सुटते. प्रॅक्टिसची वेळ नं ती…”

 मॅडमनी चाल आणखी हळू केली.

“काही चांगलं सांगा नं, मॅडम.”

“काय सांगू?”

“सगळ्यांना सांगता ते. की खेळ आपल्या आतच राहते, तो कुठं जात नाही…”

“असं सांगते मी?”

“नेहमी.”

“खोटं आहे ते.”

चौथ्या फेरीत तनुजा रडली. थांबली नाही, चालता चालताच रडली. मॅडमनी तिचा दंड धरला. कोण कुणाला सांभाळत होतं ते मागून मला कळत नव्हतं. मुली कडेला उभ्या राहून पाहत होत्या, आणि एरवी सारख्या खिदळणाऱ्या त्या पोरींपैकी एकही हसली नाही.

पाचवी फेरी संपत आली तेव्हा तिनं फोन काढला. क्लबच्या माणसाला एवढंच सांगितलं, की मी येत नाही. त्यानं बहुधा कारण विचारलं. तिनं फोन बंद केला.

मॅडमचा खेळ सुटला तो सव्विसाव्या वर्षी, लग्न झालं तेव्हा. सासरी चालणार नव्हतं. त्याला आता त्रेचाळीस वर्षं झाली. आम्ही तेव्हा जन्मलोही नव्हतो. त्याबद्दल त्यांना आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

“मॅडम,” तनुजा म्हणाली, “गुडघ्याचं नाही म्हणत मी. हे…” तिनं कोर्टाकडे हात केला. “हे दुखणं केव्हा थांबते?”

मॅडमनी बॉल किमयाकडे टाकला. सराव पुन्हा सुरू झाला. त्या पायरीवर बसल्या, तळव्यांची धूळ झटकली, चपला घातल्या.

“थांबलं की सांगते तुला.”