विटलेलं लुगडं

एकदा काय झालं, नदीकाठच्या एका गावात गोजरा नावाची कुंभारीण राहायची. पाय पांघरुणात घे रे, मग पुढं सांगते. हं. तर गोजरा. घरात नवरा रावजी, म्हातारी सासू आणि तीन लेकी. गोजरा पहाटे उठून माती तुडवायची, मग पाणी आणायची, मग भाकऱ्या थापायची, मग पुन्हा माती. दमून दमून जायची बिचारी. पण कुणी विचारलंच, तर म्हणायची, "मला काय धाड भरलीय?"

दिवाळीला रावजी बाजारात कापड आणायला जायचा. आधी आईचं लुगडं, मग लेकींचे परकर, मग स्वतःचं धोतर. गोजराची पाळी आली की तीच म्हणायची, "माझं राहू द्या. आहे हे चांगलं आहे." आणि तिचं राहूनच जायचं.

एक दिवस ती घाटावर धुणं धूत होती. तिथं कुणी एक परकी म्हातारी थंडीनं कुडकुडत बसली होती. गोजरानं आपली भाकर तिच्या हातावर ठेवली. तिची ओली धाबळी पिळून उन्हात घातली. आता ती म्हातारी काही साधीसुधी नव्हती बरं का! ती म्हणाली, "पोरी, माग काय हवं ते."

पण मागायची सवय असायला हवी ना? गोजराला काही सुचेचना. शेवटी खाली मान घालून म्हणाली, "हे अंगावरचं लुगडं तेवढं टिकू द्या."

"टिकेल," म्हातारी म्हणाली. गोजरानं वर पाहिलं, तर तिथं नुसता ओला दगड!

मग काय, लुगडं टिकलं. हिरवं होतं, तांबड्या काठाचं. एक दिवाळी गेली, दुसरी गेली, किती गेल्या कुणास ठाऊक. थोरलीचं लग्न झालं, मधलीचं झालं. सासूची लुगडी फाटली, त्यांच्या गोधड्या झाल्या, गोधड्यांच्याही चिंध्या झाल्या. गोजराच्या लुगड्याचा एक धागा निघाला नाही. रंग मात्र गेला. म्हातारी टिकेल म्हणाली होती, रंगाचं कुठं काय म्हणाली होती? हिरवं होतं ते शेवाळी झालं, मग गढूळ पाण्यासारखं झालं. काठ कुठला नि पदर कुठला, ओळखू येईना.

मग धाकट्या हौसाचं लग्न निघालं. लेकीच्या नव्या लुगड्याची घडी गोजरानं हळूच नाकाशी नेली. खळीचा तो कोरा वास! डोळे मिटून उभीच राहिली. तेवढ्यात वऱ्हाडातली एक बाई तिला म्हणाली, "ए बाई, नुसती उभी काय? जा, नवरीच्या आईला बोलावून आण."

गोजरा तशीच वळली. मागच्या दारी गेली आणि पदर तोंडाला लावून बसली.

लग्न उरकलं. मग तिनं ठरवलं, हे लुगडं आता फाडायचं. मुद्दाम बाभळीच्या झुडपातून गेली. कर्रकन ओढलं. बाभळीचे काटे वाकले, लुगडं तसंच! मग घाटावर नेऊन दगडावर आपट आपट आपटलं. दगडाचा टवका उडाला, लुगडं तसंच! मग अंगाला एक जुनं धडुतं गुंडाळून तिनं लुगडं गोठ्यात टाकलं. वासरू दिसेल ते चावायचं. त्यानं दुपारभर चघळलं आणि वैतागून थुंकून टाकलं. हसू नका रे. तिला रडू येत होतं.

दिवाळी आली. रावजी बाजाराला निघाला. सवयीनं म्हणाला, "आईला आणतो, मला एक धोतर आणतो. तुझं आहेच."

गोजरा माती तुडवत होती. 'आहे' म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण तो शब्द काही येईना. पाय थांबले.

"नाही," ती म्हणाली. "मला नवं हवंय."

रावजी चकित झाला. ओट्यावरून सासू म्हणाली, "अगं, फाटलंय कुठं ते?"

"फाटलं नाही, आत्याबाई. विटलंय. आणि मीसुद्धा विटलेय."

एवढं बोलली आणि मातीतच खाली बसली. कितीतरी वर्षांचा शीण एकदम अंगात उतरला. रावजी जवळ आला. त्यानं नीट पाहिलं, तर खरंच, बायको कुठं संपते नि चिखल कुठं सुरू होतो, कळत नव्हतं.

"हौसाच्या आई," तो हळूच म्हणाला, "कुठला रंग आणू?"

गोजराला सांगताच येईना. आपल्याला कुठला रंग आवडतो, तेच तिला आठवेना.

तेव्हा सासू काठी टेकत उठली. "तू काय आणणार, रावज्या? तिला घेऊन जा. चार लुगडी उलगडून बघू दे. मला मेलीला उभ्या जन्मात कुणी रंग विचारला नाही. आज चूल मी बघते."

मग गोजरा बाजारात गेली. हे बघ, ते बघ. कापडवाला उलगडून उलगडून थकला. तिनं घेतलं अंजिरी. घरी येऊन नेसली, आणि डोक्यावर घागर नाही, बगलेत धुणं नाही, अशी उगाच गावातून नदीपर्यंत चालत जाऊन आली.

जुनं लुगडं कुंपणावर वाळत होतं. साधी झुळूक आली, आणि ते आपोआप उसवत गेलं, धागा धागा झालं. चिमण्यांनी धागे नेले. तेही दमलं होतं बिचारं.

त्या दिवशी गोजरा दिवेलागणीलाच निजली. पहाटे तिला कुणी हाक मारली नाही. माती रावजीनं तुडवली. ऊन अंगणात आलं तरी ती गाढ झोपलेली होती. पुढं ती सगळी सुखानं राहिली.

झाली गोष्ट. आता डोळे मिटा, बाळांनो. मीपण जरा पाठ टेकते.