हलगीचा उशीर

संगणक नुकताच गाणी बांधायला शिकला होता, त्या काळची ही गोष्ट.

ध्वनिमुद्रणाच्या एका खोलीत संगणक आणि जुनी हलगी शेजारी राहत. हौसाबाईंच्या लेझीम पथकासाठी गाणं करायचं होतं, म्हणून मालकाने हलगी वाजवली. संगणकाने ऐकलं आणि म्हणाला, "आजी, तुमचा दर दुसरा ठोका उशिरा पडतो. वय झालं."

"पडत नाही. मी पाडते," हलगी म्हणाली.

संगणकाने सगळे ठोके समान अंतरावर बसवले. मालक खूश झाला आणि हलगी टांगण्यासाठी त्याने भिंतीत खिळा ठोकला. टांगलेलं वाद्य पुन्हा वाजत नाही, हे हलगीला ठाऊक होतं. तरी तिने गयावया केली नाही.

दुसऱ्या दिवशी पथक आलं. बायका गुडघ्यात वाकल्या, पण वर येण्याआधीच पुढचा ठोका पडला. लेझमी एकमेकींवर आपटल्या.

"हे गाणं आहे का कवायत?" हौसाबाई म्हणाल्या. "वाकायला जागाच ठेवली नाही."

संगणक खालच्या आवाजात म्हणाला, "आजी, तो उशीर मला द्याल?"

"घे. पण नीट मोजून घे. माणसाला वाकून उठायला जेवढा वेळ लागतो, तेवढाच तो आहे. आणि त्याला नाव माझंच राहील."

संगणकाने उशीर जसाच्या तसा उचलला आणि ठोक्यांना लावला. साऱ्या लेझमी एकदम वाजल्या.

पुढे त्या संगणकाने पुष्कळ गाणी बांधली. त्या उशिराला तो आजही 'हलगी' म्हणतो. आणि मालकाने त्याच दिवशी खिळा उपटला, आणि पुन्हा वाजवण्याआधी हलगीचं कातडं शेकून ताठ करायला जाळ केला.