कण्हेरीची मोळी

पाऊस ज्याची वाटच विसरला होता, अशा एका गावात गेनबा नावाचा माळी राहत होता. देवळाभोवतीची कण्हेर त्याची. खरं तर लावली त्याच्या बायकोने, सगुणेने. भांडी धुतलेलं पाणी घालून तिने ती जगवली होती. पुढे सगुणा गेली, पण गुलाबी फुलं येत राहिली. फुलांकडे पाहिलं की गेनबाला ती तांब्या घेऊन उभी दिसे आणि त्याचे डोळे भरून येत.

कण्हेर देखणी खरी, पण पानापासून मुळापर्यंत विषारी. म्हणून सगुणेचा शिरस्ता ठरलेला होता. हाताला फडकं बांधून छाटायचं. छाटलेली फांदी न फांदी त्याच दिवशी खड्ड्यात पुरायची, चुलीत घालायची नाही. हात आणि कोयता धुतल्याशिवाय भाकरीला शिवायचं नाही. गेनबा हे सारं पाळायचा. गावकरी हसायचे, "गेनबा, झाडाचंबी सोवळं असतंय व्हय?"

एका हिवाळ्यात छाटता छाटता तो जुन्या आठवणींत असा रमला, की एक मोळी देवळाशेजारच्या बांधावरच राहिली. जेवून येतो तर मोळी गायब! शेजारच्या मळ्यात हुरड्याची आगटी पेटली होती. सरळ काठ्या पाहून कुणीतरी त्यांना वांगी टोचून भाजायला घेतली होती.

गेनबाच्या पायाखालची जमीन सरकली. सांगावं, तर गाव कण्हेर उपटणार. सगुणेची तेवढीच खूण उरली होती. न सांगावं, तर माणसं मरतील. तो क्षणभरच थांबला आणि धोतर सावरत धावत सुटला.

"टाका ती वांगी! धुरातनं लांब व्हा! कण्हेर हाय ती. चूक माझी हाय, मीच मोळी उघड्यावर टाकली!"

तोंडाशी आलेले घास तिथेच थांबले. कुणाला काही झालं नाही, पण पाटील संतापले. म्हणाले, "उद्या एक झाड ठेवू नका!"

दुसऱ्या दिवशी पाटील आणि गावकरी देवळापाशी जमले, तसा गेनबा स्वतःच कुदळ घेऊन गेला. कुदळ उचलली, पण घाव घालवेना. तेवढ्यात भागूबाई पुढे आली. तिचं सगळं घरदार काल त्या आगटीभोवती बसलं होतं.

"दादा, ठेवा ती कुदळ," ती म्हणाली. "पाटील, ह्यांनी चूक पोटात ठेवली असती, तर आज तुमच्या-माझ्या दारात रडारड असती. अशा माणसाजवळ कण्हेर ऱ्हाऊ द्या. भ्या वाटतं ते गप बसणाऱ्याचं."

"राहू द्या झाडं," म्हणत पाटलांनी गेनबाच्या हातातली कुदळ काढून घेतली. गेनबा कण्हेरीपाशी बसला आणि सगुणा गेली तेव्हाही रडला नव्हता एवढा रडला.

तात्पर्य: घातक वस्तू बाळगणाऱ्याने सदैव दक्ष असावे, आणि चूक झालीच, तर आपले सर्वात प्रिय गमवावे लागले तरी ती वेळेवर सांगावी.