दगडफुलाचा रस

फार फार जुनी गोष्ट, मंडळी. तेव्हा दगडाला विचारलं तर दगडही उत्तर द्यायचा, फक्त विचारायला कुणाला सवड नसायची.

डोंगराखालच्या एका गावात हैबती नावाचा शेतकरी राहायचा. डोकं भारी सुपीक, आणि तेच तर दुखणं! एके दिवशी त्याला उघड्या कातळावर दगडफूल दिसलं. आपण मसाल्यात घालतो ना, तेच. ना माती, ना खत, तरी पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून! हैबतीने मांडीवर थाप मारली. "याच्या अंगचं बळ माझ्या ज्वारीला मिळालं तर कणसं गुडघ्याएवढी लागतील!"

पाटीभर दगडफूल त्याने कुटलं, रांजणात भिजवलं आणि घरातलं एकुलतं एक बियाण्याचं पोतं त्यात ओतायला निघाला.

त्याची बायको सगुणा म्हणाली, "अहो, उद्या घट बसतायत. मूठभर दाणे घटात पेरून बघू, नऊ दिवसांत कळेल. पोतं वाया गेलं तर वर्षभर खायचं काय?"

"नऊ दिवस? तोवर गावभर बोभाटा होईल!" त्याने पोतं रिकामं केलं आणि दुसऱ्या दिवशी पेरूनही टाकलं.

सगुणाने मात्र आधीच मूठभर कोरडे दाणे काढून ठेवले होते. घटाच्या मातीत तिने एका बाजूला कोरडे पेरले, दुसऱ्या बाजूला भिजवलेले.

नवव्या दिवशी आरतीला बायका जमल्या आणि तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. घटाच्या एका बाजूला वीतभर हिरवेगार अंकुर, दुसऱ्या बाजूला चक्क टक्कल!

हैबती शेताकडे पळाला. तिथे तर सगळंच टक्कल. "तण मात्र एक नाही हं!" तो शेजाऱ्याला ऐटीत म्हणाला, आणि मग बांधावर बसून ढसाढसा रडला.

रडून झाल्यावर तो तावातावाने कातळावर गेला. "लबाडा, तुझं बळ घेतलं तर माझाच गळा कापलास!"

दगडफूल म्हणालं, "बाबा रे, एवढ्या मोठ्या कातळावर मी एकटंच का, हे कधी विचारलंस? शेजारी कुणी उगवू नये, म्हणून तर माझा हा रस. तो तूच काढलास, तूच बियाण्याला पाजलास, आणि बोंब माझ्या नावाने?"

त्या वर्षी हैबतीच्या आमटीला मसाला झकास होता. कुस्करायला भाकरी मात्र दुसऱ्याच्या खळ्यावर राबून आणावी लागली. तेव्हापासून म्हणे तो मुलीला सांगून आलेलं स्थळही नऊ दिवस घटात पेरून बघायचं म्हणायचा.

तर लहानथोरांनो, दुसऱ्याचं बळ उचलण्याआधी ते कशासाठी आहे ते विचारावं, आणि पोतं ओतण्याआधी मूठ पेरून बघावी.