पाटावरचा ढग्या

विषय : घरातील एका मोठ्या जातीच्या कुत्र्यास पिसाळलेला ठरवून त्याचा बंदोबस्त करण्याबाबत.

संदर्भ : राजाच्या धान्यकोठीच्या प्रमुखांचा अर्ज.

उपरोक्त विषयाबाबत वस्तुस्थिती पुढीलप्रमाणे आहे. लहानांनी ती गोष्ट म्हणून ऐकावी. मोठ्यांनी मान खाली घालून ऐकली तरी चालेल.

ज्या काळाची दप्तरं वाळवीने केव्हाच फस्त केली, त्या काळी डोंगराच्या पायथ्याशी एक राज्य होतं. त्या राज्यात जेवायला बसताना पानाभोवती भाताचे चार लहान घास काढून ठेवायची रीत होती. हा मुक्या जिवांचा वाटा. जेवणं झाली की तो गोळा करून अंगणात नेऊन ठेवायचा. रीत चांगली होती. चांगल्या रीतीचं माणसं काय करतात, तेच आता सांगायचं आहे.

राजाच्या कोठीप्रमुखांनी एकदा डोंगरातून कुत्र्याचं पिल्लू आणवलं. घराला राखण हवी होती असं नव्हे. प्रधानांच्या दारात तसलाच एक कुत्रा होता आणि तो वासराएवढा होता, एवढंच कारण. पिल्लू पांढरं, गुबगुबीत, पावसाळा संपल्यावर मागे राहिलेल्या ढगासारखं. त्याचं नाव ठेवलं ढग्या.

पहिल्याच दिवशी ढग्या लुटुलुटु चालत पंगतीत शिरला आणि कोठीप्रमुखांच्या पानाभोवतीचे घास चाटून मोकळा झाला. सगळं घर हसलं.

"अगं, बघितलंस का? आपला वाटा स्वतःच वसूल केला! कोठीतला कारकून शोभेल!" कोठीप्रमुख म्हणाले.

"त्याला एक पाट द्या हो," त्यांची बायको म्हणाली. "बिचारा जमिनीवर गारठेल."

पाट दिला. पुढे पान मांडलं. शेजारचे लोक बघायला येऊ लागले. ढग्याने चप्पल कुरतडली, तर "दात शिवशिवतायत बाळाचे." अंगावर उड्या मारल्या, तर "किती माया!" आलेल्या पाहुण्याच्या पाटावर आधीच जाऊन बसला, तर पाहुण्यालाच सरकायला सांगितलं. पिल्लाला घरात रुळवायचं म्हणजे काय, याचा विचार त्या घरात कोणी केला नाही. घरच पिल्लाभोवती रुळलं.

चुलीशेजारी एक म्हातारी मांजर असायची. तिने या घरात पुष्कळ लाड बघितले होते आणि लाडांचा शेवटही बघितला होता.

"ए ढग्या, स्वतःचे पंजे बघितलेस का?" ती एकदा म्हणाली.

"बघितले, मनीमावशी. मोठे आहेत."

"अंग अजून यायचंय. पंजे आधी येऊन बसलेत. जे मला दिसतं, ते या शहाण्यांना दिसत नाही. त्या पाटावर बसू नकोस."

"पण मावशी, त्यांनीच बसवलं."

"बसवतात रे. हसत हसत बसवतात. उठवायला येतात तेव्हा हातात काठी असते."

ढग्याला ते पटलं नाही. माणसं इतकी वाईट असतील, हे कोणत्याच कुत्र्याला पटत नाही. त्यांची जात त्याच चुकीवर जगते.

पुढे व्हायचं तेच झालं. पंज्यांमागोमाग अंग आलं. वर्षभरात ढग्या वासराएवढा झाला. लोकांना वाटलं, कुत्रा बदलला. कुत्रा तसूभरही बदलला नव्हता. तीच उडी, तोच पाट, तीच माया. फक्त आता त्या मायेने माणूस आडवा व्हायचा. मग घरातले ओरडू लागले. एक म्हणे "बस," दुसरा म्हणे "ऊठ," तिसरा म्हणे "मेल्या, चालता हो," आणि चौथा त्याच वेळी पानातला घास पुढे करी. कोणतं खरं मानायचं, हे कुत्र्याने एकट्याने ठरवायचं होतं. त्याने घास खरा मानला.

अशात प्रधान जेवायला आले. रांगोळ्या घातल्या, केळीची पानं मांडली आणि मानाचा पाट म्हणून प्रधानांना नेमका ढग्याचा पाट दिला.

ढग्या आला. आपल्या पाटावर कोणीतरी बसलंय हे त्याने बघितलं. तो भुंकला नाही, गुरगुरला नाही. बाजूला उभा राहून त्याने वाट बघितली. गृहस्थ उठत नाहीत असं दिसल्यावर तो शेजारी टेकला आणि खांद्याने हळूच सरकवलं, पूर्वी पाहुण्यांना सरकवायचे तसं. वासराएवढ्या कुत्र्याचं हळूच ते. प्रधान कढीत गेले.

"चावला! पिसाळला!" कोठीप्रमुख ओरडले.

"कोणाला चावला?" प्रधानांनी कढीतून विचारलं. त्यांच्याकडे तेव्हा कोणाचंच लक्ष नव्हतं.

बायको पळी घेऊन धावली. ज्या हाताने तूपभात भरवला, त्याच हाताने तिने ती पळी ढग्याच्या पाठीत घातली. त्याला गोठ्यामागे साखळीने बांधला. संध्याकाळी मनीमावशी तिथे गेली.

"मावशी, मी काय केलं?"

"मोठा झालास," मांजर म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वर नमूद केलेला अर्ज दाखल झाला. त्या राज्यात पिसाळलेल्या कुत्र्याला भालाईत गावाबाहेर नेत आणि एकटेच परत येत. अर्जात लिहिलं होतं की हा प्राणी स्वभावतःच दुष्ट असून अर्जदाराने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. दुसरा भाग खरा होता. त्या घरातली पोरंही तशीच वाढली होती.

न्यायाधीश वृद्ध होते आणि दिवसाच्या शेवटी आलेल्या अर्जांनी वैतागलेले होते. त्यांनी कुत्र्याला समोर आणवलं. कचेरीत साक्षीदारासाठी एक पाट मांडलेला होता. ढग्याने पाट बघितला, शेपूट हलवली आणि जाऊन त्यावर बसला.

"बघा, सरकार! बघा याचा माज!" कोठीप्रमुख म्हणाले.

"बघतोय. साक्षीदार हजर झाला. आता सांगा, याला पाटावर बसायला कोणी शिकवलं?"

कोठीप्रमुख पागोटं नीट करू लागले.

"डोंगरात पाट असतात का हो?"

"नसावेत, सरकार."

"मग?"

कोठीप्रमुखांनी उपरण्याने कपाळ पुसलं. त्यांची बायको छताकडे बघू लागली. एवढी साधी पाच अक्षरं, 'मी शिकवलं', पण त्या दोघांच्या चार पिढ्यांत ती कोणी उच्चारली नव्हती.

न्यायाधीशांचा आवाज चढला. "लहान असताना ज्याला हसलात, मोठा झाल्यावर त्याचीच फिर्याद आणता? लाज वाटत नाही? ऐका. पाटावर कोणी बसवलं, ते अर्जात लिहून द्या. मग मी निकाल देईन, किंवा अर्ज मागे घ्यायला मोकळीक देईन. तोवर भालाईत या कुत्र्याला हात लावणार नाहीत. साखळी काढा. आणि तोवर तुम्ही उंबऱ्याबाहेर, याच्या शेजारी जमिनीवर बसून जेवायचं. पाट सोडून जमिनीवर कसं बसायचं, ते तुम्ही आणि त्याने बरोबरच शिकायचं."

हुकुमाची अंमलबजावणी झाली. कोठीप्रमुख उंबऱ्याबाहेर बसू लागले. घास पुढे करताना ते आता "थांब" म्हणू लागले आणि घरातले सगळे तेच म्हणू लागले, कारण हुकूम सगळ्यांना ऐकू गेला होता. ढग्या पंधरवड्यात शिकला. तो आता वाटा अंगणात येईपर्यंत उंबऱ्याबाहेर शांत बसून राहतो. पाहुण्याच्या अंगावर उडी मारत नाही. कोणी शिकवलं नव्हतं म्हणून, नाहीतर हे तो पहिल्या दिवशीच शिकला असता.

कोठीप्रमुख मात्र अजून शिकायचे आहेत. एक ओळ लिहिली की ते आत पाटावर जाऊन बसू शकतात. ते लिहीत नाहीत. ऊन असो, वारा असो, ते जमिनीवर बसून जेवतात. शेजारी ढग्या बसतो आणि त्यांच्याकडे अजूनही मायेने बघतो. मला त्याचाच जास्त राग येतो.

तात्पर्य : ज्याला आपण बिघडवलं, त्याच्याविरुद्धच्या तक्रारीत पहिलं नाव आपलं घालावं.

कोठीप्रमुखांकडून अद्याप काहीही लिहून आलेलं नाही. सबब अर्ज प्रलंबित आहे.