निळ्या फुलपाखराची खूण

फार पूर्वी एका माळावर, करवंदीच्या जाळीत, इवल्या निळ्या फुलपाखरांचं शेवटचं कुटुंब राहत होतं. पंख मिटले की ती वाळक्या पानांसारखी दिसत, म्हणून कुणाला सापडत नसत. शेजारचा नाकतोडा मात्र त्यांना अचूक ओळखायचा आणि त्याचा त्याला भारी तोरा होता.

एकदा भक्ष्य काट्यावर टोचून ठेवणारा खाटीक पक्षी म्हणाला, "नाकतोडेबुवा, ती तुम्हालाही ओळखता यायची नाहीत!"

"मला?" नाकतोडा फुगला. "कडेला काळा ठिपका दिसला, की समजायचं, ते पान नव्हे."

दुसऱ्या दिवशी जाळीच्या काट्याकाट्यावर फुलपाखरं टोचलेली होती.

"मी तर नुसती खूण सांगितली," नाकतोडा पुटपुटला.

"म्हणून तर तुम्हाला जिवंत ठेवलंय," खाटीक म्हणाला. "आता पिवळ्या फुलपाखरांची खूण सांगा."

नाकतोडा हळू आवाजात सांगू लागला.